एटीआरच्या शेपटाचा प्रश्न अखेर हलला

गेल्या रविवारी सकाळी कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरणाऱ्या एटीआर ७२ या प्रोपेलरच्या प्रवासी विमानाची एक चौकट, म्हणजे फोटो, अशी मिळाली की, फिरत्या पात्यांचे वर्तुळ तबकडीसारखे भरलेले असूनही शेपटाजवळची 'व्हीटी' ही नोंदणीची अक्षरे स्वच्छ वाचता येतात. चार महिन्यांत हे पहिल्यांदाच घडले आणि ते घरी येऊन पडद्यावर शंभर टक्के मोठे करून पाहताना मला फार आनंद झाला.

मागच्या नोंदीत गोठलेल्या पात्यांविषयी, म्हणजे वेगवान शटरमुळे फोटोत प्रोपेलर थांबल्यासारखा दिसतो त्याविषयी, लिहिले होते. १/१००० सेकंदाच्या शटरला विमान हवेत टांगून ठेवल्यासारखे दिसते, हे आपण सगळेच जाणतो. एटीआरचा सहा पात्यांचा प्रोपेलर उड्डाणाच्या वेळी मिनिटाला १२०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २०. त्यामुळे १/१२५ ला प्रत्येक पाते सुमारे ५८ अंश फिरते आणि दोन पात्यांमधले ६० अंशांचे अंतर जवळजवळ भरून निघते. उतरताना पाती त्याहून संथ फिरत असल्याने मी १/१०० पर्यंत खाली येतो. प्रोपेलर नसलेल्या एम्ब्राएर जेटला हा प्रश्नच नाही. तिथे १/८०० लावून निर्धास्त राहता येते.

खरी अडचण वर्तुळाची नव्हती. कॉकपिटच्या काचा धारदार आणि शेपूट मात्र पुसलेले, असे शेकडो फोटो मी आजवर काढून टाकले. दोष माझ्या पॅनिंगचा, म्हणजे विमानाबरोबर कॅमेरा वळवण्याचा, आहे असे समजून मी भिंगाचे स्थिरीकरण पॅनिंगसाठीच्या मोड २ वर नेले, खांदे आणि कोपरांची ठेवण बदलली, महामार्गावरच्या गाड्यांवर सराव केला. मोनोपॉड, म्हणजे एकपायी स्टँडही आणला, पण चढत्या-उतरत्या विमानासाठी तो माझ्या मते निरुपयोगी आहे. माझी सिग्माची १५०-६०० मिलिमीटरची कंटेम्पररी ही झूम लेन्स जवळपास दोन किलोंची असली तरी ती हातात धरूनच अधिक सहज वळते.

रविवारची चौकट इतरांहून वेगळी का, हे शोधताना लक्षात आले की, त्या क्षणी माझा फोकस बिंदू, म्हणजे कॅमेरा वळवताना विमानावरची जी जागा मी धरून ठेवतो ती, कॉकपिटवरून घसरून पंखाच्या मुळाशी गेला होता. मग वहीत गणित मांडले. मी विमानाच्या मार्गापासून अंदाजे १०० मीटरवर उभा असतो. सेकंदाला ५५ मीटर वेगाने येणारे विमान अगदी समोर येण्यास ४५ अंश बाकी असतात, तेव्हा ते जवळही येत असते आणि आपल्याकडे कूसही वळवत असते, म्हणून त्याची दिसणारी लांबी १/१२५ सेकंदात सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढते. चौकटीत विमान ५००० पिक्सेल लांब असेल तर ही वाढ वीसएक पिक्सेलची होते. नाक पकडून ठेवले की तो सगळा फरक शेपटाच्या वाट्याला येतो. मध्य पकडला तर तो दोन्ही टोकांत निम्मा वाटला जातो. याचा अर्थ, हात कितीही स्थिर असला तरी त्या अंतरावरून, त्या कोनातून आणि त्या शटरला संपूर्ण विमान स्पष्ट येणे शक्यच नव्हते. विमान अगदी समोर आले की ही वाढ थांबते, पण तेव्हा प्रोपेलरची कड आपल्याकडे असते आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती तबकडी दिसतच नाही.

इथपर्यंत लिहून होईतो पुढचा बेत गिंबल हेड, म्हणजे जड लेन्स तोलून सहज वळवू देणारे स्टँडचे डोके, घेण्याचा होता. आता तो रद्द करतो. १०० मीटरवरून १५० मिलिमीटरलाच चौकट भरते, म्हणजे भिंगाची बाकी ताकद मी वापरतच नाही. मागे सरकून अंतर अडीचशे मीटर केले तर ४५ अंशांवरही एकूण फरक नऊएक पिक्सेलवर येतो, फोकस मध्यावर ठेवल्यास प्रत्येक टोकाला चार-पाच. आणि समोर येण्यास २० अंश उरेपर्यंत वाट पाहिली तर प्रत्येकी तीनच, तरीही तबकडी लंबगोल का होईना, दिसते. अंतर वाढले की तापलेल्या जमिनीवरची लहरणारी हवा मध्ये येते, म्हणून हे फक्त सकाळीच साधेल. सकाळचा मंद उजेड आणखी एका कारणाने हवा आहे. दहानंतर १/१२५ साठी लेन्सचे छिद्र एफ १३ पेक्षाही बारीक करावे लागते आणि सेन्सरवरचा प्रत्येक धुळीचा कण आकाशात उमटतो. त्यावर उपाय म्हणून शहरातल्या एका दुकानातून घेतलेला ९५ मिलिमीटरचा एनडी, म्हणजे उजेड कमी करणारा, फिल्टर पांढऱ्या विमानाला जांभळट छटा देतो. दुकानदार तो परत घेत नाही, याचे मला वाईट वाटते. एवढ्या मोठ्या व्यासाचा फिल्टर स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून पाहिल्याशिवाय कोणी घेऊ नये.

धावपट्टी ०७/२५ असल्याने आणि सूर्य अजून दक्षिणेकडे असल्याने दक्षिणेचीच बाजू धरायची आहे. विमान कोणत्या टोकाने उतरणार, हे मी गुऱ्हाळाच्या धुरावरून ठरवतो. धूर पूर्वेकडे झुकला की वारा पश्चिमेचा, म्हणजे विमान पूर्वेकडून येणार. कुंपणाजवळ न थांबता शेतमालकाला विचारूनच बांधावर उभे राहायचे, हा नियम कायम आहे. अडीचशे मीटरवरच्या बांधापुढे सध्या पुरुषभर ऊस उभा आहे. मालकांनी परवानगी दिली आहे आणि तोडणीची टोळी मंगळवारी येणार आहे.