चार स्क्रूसाठी अडलेला गेमिंग पीसी

ग्राफिक्स कार्ड कुठलं घ्यायचं यावर लोक रात्ररात्र भांडतात, माझं त्यावर फारसं डोकं खर्चच झालं नाही. रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर, आरटीएक्स ४०७० कार्ड, ३२ जीबी डीडीआर५ रॅम आणि पुढून जाळी असलेली केस, म्हणजे पीसीची पेटी, एका बैठकीत ठरलं. पॉवर सप्लाय ७५० वॉटचा घेतला, कार्ड २०० वॉटचं आहे आणि एनव्हिडिया ६५० चा पुरे म्हणते, पण पुढेमागे मोठं कार्ड टाकायचा विचार आहे. घोडं पेंड खाल्लं ते कूलरपाशी. म्हणजे प्रोसेसर गार ठेवणारा कूलर होता हो, चांगला दणदणीत डबल टॉवर, जुन्या एएम४ च्या मशीनवरचा, पण तो नव्या एएम५ बोर्डावर बसवायची पट्टी नव्हती. (एएम४, एएम५ म्हणजे एएमडीचा प्रोसेसर मदरबोर्डावर जिथे बसतो ती सॉकेटं, जुनं आणि नवं.)

सगळीकडे एकच वाक्य वाचायला मिळतं, एएम४ चा कूलर एएम५ वर चालतो. भोकांचं अंतर तेच आहे हे खरं. पण एएम५ मध्ये बोर्डाच्या मागची बॅकप्लेट, म्हणजे आधाराची धातूची पाटी, काढताच येत नाही कारण प्रोसेसर दाबून धरणारं सॉकेटचं लोखंडी झाकण त्याच प्लेटवर कसलेलं असतं. त्यामुळे जे कूलर बोर्डाच्या मूळ बॅकप्लेटमध्ये स्क्रू कसतात ते बसतात, आणि जे स्वतःची बॅकप्लेट घेऊन येतात, माझ्या कूलरसारखे, ते नाही बसत, त्यांना पट्ट्या-स्क्रूंचं नवीन किट लागतं. कूलरच्या कंपनीच्या पेजवर एएम५ समोर टिक आहे, टिकच्या डोक्यावर बारीकशी चांदणी, आणि चांदणीचा खुलासा पार तळाशी, की किट वेगळं मागवा, मोफत आहे. म्हटलं मोफत आहे ना, मग काय अडचण. फॉर्म भरायचा आणि वाट बघायची.

तर तो फॉर्म. सॉकेट निवडायच्या यादीत एएम५ नव्हतंच. ज्या सॉकेटसाठी ही सगळी खटपट तेच यादीत नाही! "इतर" निवडून खाली लिहिलं. कूलरचं बिल मागितलं, ते थर्मल कागदावरचं, इतक्या वर्षांत पांढरंफटक झालेलं. (बिल हातात आलं की त्याच दिवशी फोटो काढून ठेवा, अगदी केबलच्या बिलाचासुद्धा.) ऑर्डरचा जुना ईमेल शोधून जोडला, तर उत्तर आलं की फाइल चालत नाही, पीडीएफ पाठवा. पीडीएफ पाठवली तर मदरबोर्डचं पण बिल हवं. ते दिलं तर आता कूलरशेजारी कागदावर तिकीट नंबर लिहून दोन्हीचा एकत्र फोटो काढा. आणि हे सगळं एका ईमेलमध्ये नाही बरं का, प्रत्येक मागणीसाठी नवा माणूस, नवं "आपल्या संयमाबद्दल आभार", आणि मध्ये इतकी शांतता की आपला अर्ज कुणी वाचतंय की नाही तेच कळेना. एकदा तर मी उत्तर देऊनसुद्धा "आपल्याकडून प्रतिसाद न आल्याने तिकीट बंद" आलं आणि पाठोपाठ सेवेला किती स्टार द्याल असं विचारणारा सर्व्हे. मी इतकी वैतागले की सरळ दुसरा कूलर घेणार होते. पण मग हट्टाला पेटले, हक्काचं किट आहे, का सोडू?

यात खरं नुकसान कुठे होतं ते कुणी सांगत नाही. कूलरशिवाय पीसी चालवून बघता येत नाही, या प्रोसेसरच्या डब्यात कूलर येत नाही, आणि बाकीच्या पार्टची बदलून मिळायची मुदत मात्र निघून जात असते. उद्या रॅम किंवा बोर्ड खराब निघाला तर बदली नाही, वॉरंटीच्या रांगेत उभं राहायचं. म्हणून जुना कूलर वापरणार असाल तर आधी किट हातात घ्या, मग बोर्ड मागवा. इंटेलवाल्यांनाही हेच, त्यांच्या एलजीए १२०० सॉकेटमध्ये भोकांचं अंतर ७५ मिमी होतं, २०२१ च्या एलजीए १७०० मध्ये ७८ झालं.

वाट बघताना एक काम मात्र झालं. बोर्डावर फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसर आणि कूलरशिवायही बायोस, म्हणजे बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर, अपडेट होतो, फॅट३२ केलेला पेन ड्राइव्ह आणि पॉवर सप्लायच्या केबल जोडल्या की झालं. एक्स३डीवाल्यांनी हे कराच, कारण २०२३ मध्ये जास्त व्होल्टेजने हे प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारी आल्यावर एएमडीने प्रोसेसरच्या एका भागाला मिळणाऱ्या एसओसी व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा घातली, ती नव्या बायोसमध्येच आहे.

शेवटी किट आलं. दोन पट्ट्या आणि चार स्क्रू! एवढ्यासाठी दोन बिलं आणि कूलरचं फोटोसेशन. बसवायला चहा गार व्हायच्या आत झालं, पहिल्यांदा सुरू केल्यावर स्क्रीन काळीच राहिली पण ते माहीत होतं, डीडीआर५ पहिल्या वेळी मेमरी ट्रेनिंग, म्हणजे रॅमची जुळवाजुळव, करत बसतं, काही मिनिटं जातात, घाबरून बटण दाबू नका. गेम खेळताना तापमान सत्तरीच्या आसपास राहतं, या प्रोसेसरची मर्यादा ८९ अंश आहे, त्यामुळे तीन फॅनवाला पाण्याचा कूलर घ्यायलाच हवा म्हणणाऱ्यांना माझ्याकडून नमस्कार. प्रोसेसर १२० वॉटचा म्हणून लिहिलेला असला तरी गेममध्ये तो त्याहून बराच कमी खातो.

रॅमचं राहिलंच. लाइटवाली रॅम उंच असते, ४४ मिमीच्या आसपास, मग कूलरचा पुढचा फॅन वर सरकवावा लागतो, आणि फॅन वर गेला की कूलरची उंची वाढते आणि बाजूची काच लागत नाही. केसच्या पानावरची उंची बघताना हे धरून मोजा. मी बिनलाइटची बुटकी घेतली. फॅन पुढे तीन आत हवा घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, बास. छताच्या पुढच्या जागी बाहेर फेकणारा लावला तर कूलरपर्यंत पोचायच्या आधीच गार हवा पळवतो. आणि बायोसमध्ये फॅनला दोनचार सेकंदांचा उशीर लावा, रायझनचं तापमान ब्राउझर उघडला तरी उडी मारतं, नाहीतर फॅन दिवसभर वरखाली गुरगुरत बसतात.