कांडी आणि डोळा

स्मरणिकेसाठी आठवण लिहून द्या, असा शाळेचा निरोप आला, तेव्हा मला मैदान आठवलं नाही की स्नेहसंमेलन आठवलं नाही. आठवला तो मधल्या सुट्टीनंतरचा नीतिशिक्षणाचा तास, आणि माझ्या बाकावर बसणारा प्रयाग चिखलीचा मित्र.

माझे वडील मिशनच्या दवाखान्यात सुतार होते. खाटा, खिडक्या, औषधांची कपाटं हे त्यांचं रोजचं काम. पण कंपाउंडात कुणी गेलं की शवपेटी त्यांनाच करावी लागे. सुतळीनं माप घ्यायचे, रातोरात फळ्या कापायचे, वरून काळं कापड ठोकायचे आणि त्यावर पांढऱ्या फितीचा क्रूस. मी कंदील धरून उभा असायचो. पेटीला ते आतूनही रंधा मारत. "आतलं कोण बघतंय?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "झोपणाऱ्याला आतच झोपायचंय." लहान मुलांच्या पेटीचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत.

आम्हा ख्रिस्ती लोकांत माणूस वारला म्हणत नाहीत, ‘प्रभूमध्ये झोपी गेला’ म्हणतात. वडिलांना तो शब्द नुसता बोलायची रीत वाटत नसे. झोपलेला उठणार, हे ते धरूनच चालायचे.

मित्राला मात्र ते पटेना. "तुमच्यात माणूस पुरत्यात. रक्षाविसर्जन न्हाई, दहावा न्हाई, पुढचा जनम न्हाई. मग मेल्यावर हाय तरी काय?" मला सांगता येईना. सातवीत होतो आम्ही. त्यानं सरळ तासाला हात वर करून बाईंनाच विचारलं.

बाईंनी पुस्तक मिटलं. "तुमच्या रानात उसाची लागण होते ना? कांडी मातीत गेल्यावर तिचं काय होतं?"

"कुजती की," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "पण डोळा फुटतोय."

बाई म्हणाल्या, ख्रिस्ताचा प्रेषित पौल यानं करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिताना असाच दाखला दिला आहे, फक्त गव्हाच्या दाण्याचा. पेरतो तो दाणा आणि उगवतं ते रोप, दोन्ही दिसायला वेगळी, तरी रोप त्या दाण्याचंच. आत्मा अमर आहे, एवढ्यावर ख्रिस्ती विश्वास थांबत नाही, देहसुद्धा नवा होऊन उठेल असं तो मानतो. ख्रिस्त तिसऱ्या दिवशी उठला, तो झोपी गेलेल्यांतलं प्रथमफळ, म्हणजे पिकाचं पहिलं फळ, आणि त्याच्या मागोमाग बाकीचे. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले, त्यांच्या नावाच्या चर्चमध्ये दर रविवारी ‘देहाचे पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन’ हे शब्द मी पाठ म्हणत आलो होतो. त्यांचा अर्थ मला त्या दिवशी उसाच्या कांडीतून कळला.

पुढच्या आठवड्यात क्रुसावरच्या चोराची गोष्ट निघाली. येशूच्या शेजारी खिळलेला गुन्हेगार, शेवटच्या घटकेला म्हणतो, माझी आठवण ठेवा. आणि येशू त्याला म्हणतो, "तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील." मित्र चिडलाच. आमचा आजा जलमभर पंढरीची वारी करतो, आणि ह्याला फुकटात? बाईंनी त्याला बसवलं नाही, पुढे बोलावलं. "त्या चोराचे हातपाय खिळलेले होते. पुण्य करायला हात मोकळे कुठे होते त्याचे? तोंड तेवढं मोकळं होतं, त्यानं मागितलं." तारण, म्हणजे पापातून सुटका, ही मजुरी नव्हे, देवाचं दान. चांगलं वागायचं ते तारण मिळावं म्हणून नव्हे, मिळालं म्हणून. हे नंतर मी मोठमोठ्या प्रवचनांतून ऐकलं, पण इतकं लख्ख कुणी सांगितलं नाही. मृत्यूनंतर आत्मा शुद्ध होण्याचं शुद्धिस्थान असतं असं कॅथलिक मानतात आणि मृतांसाठी प्रार्थना करतात, आम्ही प्रोटेस्टंट तसं मानत नाही, हेही बाईंनी सांगितलं आणि पुढे गेल्या.

मित्राची आई त्याच वर्षी दिवाळीत गेली होती. महिनाभर तो काही बोलला नव्हता. एका तासाला न्यायाचा दिवस, स्वर्ग, नरक असं चाललं असताना तो उठला. "बाई, माझी आई ख्रिश्चन नव्हती. ती कुठं हाय?"

वर्गात पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मला आठवतं, बाईंनी खडू टेबलावर ठेवला, बोटं पदराला पुसली आणि त्याच्या बाकापाशी आल्या. "ख्रिस्ताशिवाय तारण नाही असं मी मानते. ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण न्यायाच्या खुर्चीवर मी बसलेली नाही, बाळा. जो बसणार आहे, तो आपल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेकडे जाताना रडला होता. चार दिवस झाले होते लाजराला जाऊन. घटकाभरात त्याला उठवायचंय हे ठाऊक असून रडला. तुझ्या आईला मी त्याच्या हाती सोडते." मग त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याच उभ्याउभ्या रडल्या.

या प्रश्नाचं तयार उत्तर खिशात असलेली माणसं मी पुढे पुष्कळ पाहिली. आमच्या मंडळीतही आहेत. मला बाईंचं उत्तर त्यांच्यापेक्षा विश्वासाचं वाटतं.

माझे वडील गेले तेव्हा मी बँकेत होतो, हत्यारांना हात लावून वर्षं लोटली होती. तरी पेटी मीच केली, त्यांच्याच रंध्यानं, रात्रभर. सकाळी पहिल्या गाडीनं मित्र आला. पाळकसाहेब ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ हा उतारा काढत होते. वडिलांना अजून पेटीत ठेवायचं होतं. मित्रानं पेटीत हात घालून तळाच्या फळीवरून हळूहळू फिरवला.

"आतनंबी मारलायस रंधा," तो म्हणाला, आणि वडिलांना उचलायला माझ्या बाजूला येऊन वाकला.