काळ्या मातीच्या भेगा आणि परसबागेतले आच्छादन

मराठवाड्यातली काळी माती पाणी धरून ठेवते असे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते खरेच आहे. परंतु हीच चिकणमाती वाळताना आकसते, तिला हातभर खोल भेगा पडतात आणि त्या भेगांतून खालच्या थरातली ओलही उडून जाते. म्हणून आमच्या भागात आच्छादनाचे, म्हणजे मातीवर पसरलेल्या पाल्या-भुसकटाच्या थराचे, पहिले काम तण दाबणे हे नसून भेगा पडू न देणे हे आहे, असे माझे ठाम मत आहे. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या लातूरसारख्या शहरात तर उघड्या मातीवर पाणी ओतत राहणे मला पटत नाही.

यासाठी विकत काही आणावे लागत नाही. सोयाबीन आणि हरभऱ्याचे भुसकट, उसाचे पाचट, कडुनिंबाचा वाळलेला पाला यांपैकी जे मिळेल ते चालते, आणि फडातले पाचट पेटवून दिलेले पाहिले की मला मनापासून वाईट वाटते. आधी आळ्याला भरपूर पाणी द्यावे, वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाल्यावर, हलकी खुरपणी करून भेगा बुजवाव्यात आणि मगच दोन ते चार इंच जाडीचा थर पसरावा, कारण कोरड्या मातीवर घातलेला जाड थर वरून शिंपडलेले थोडेसे पाणी स्वतःच पिऊन टाकतो. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी, नाहीतर साल सतत ओली राहून कुजते. आमच्याकडे वाळवीचा त्रास असल्याने ही मोकळी जागा मी कटाक्षाने राखते.

थराखालची माती उन्हाळ्यातही तुलनेने थंड राहते, गांडुळे वरच्या थरात टिकतात आणि कुजलेला पाला हळूहळू मातीतल्या सेंद्रिय कर्बात (कार्बनमध्ये) भर घालतो. मात्र भुसकट किंवा पाचट मातीत मिसळू नये. त्यात कर्ब फार आणि नत्र (नायट्रोजन) कमी असल्याने ते कुजवणारे जिवाणू मातीतलेच नत्र वापरतात आणि रोपे पिवळी पडतात. वर पसरलेल्या थराने हा परिणाम फारसा होत नाही, तरीही भाजीच्या वाफ्यात मी आधी शेणखत घालते.

पावसाळ्यात झड लागली की थर विरळ करावा, कारण निचरा मंद असलेल्या या जमिनीत मुळांना हवा मिळत नाही आणि गोगलगायींना ओलसर आडोसा मिळतो. पाऊस ओसरल्यावर, जमिनीत ओल असतानाच, तो पुन्हा जाड करावा.