एका जादा ‘ए’चा विमा

लंडनच्या पूर्वेकडील इलफर्डमध्ये व्हॅलेंटाइन्स मॅन्शन ही 1690च्या दशकात बांधलेली कोठी आहे. पालिकेने तिचा जीर्णोद्धार केल्यावर 2009पासून ती लोकांसाठी खुली झाली. तेथे दिवाळी अंकांचे प्रदर्शन आणि अभिवाचन करायचे आमच्या वाचक मंडळाने ठरवले. दालन पाहणे, तारीख धरणे आणि अनामत भरणे एका दुपारीच उरकले.

अडलो ते विम्यापाशी. एखाद्या पाहुण्याला इजा झाली किंवा वास्तूचे नुकसान झाले, तर भरपाईची जबाबदारी घेणारा विमा आयोजकांनीच काढायचा होता, आणि तो देणाऱ्या कंपनीने आम्हाला तीन आठवडे झुलवले. ‘वाचक’मधला ‘वा’ रोमन लिपीत लिहिताना बँक खात्यात एक ‘ए’ पडला होता आणि मंडळाच्या घटनेत दोन. तेवढ्यावरून या दोन वेगळ्या संस्था असल्याचा निष्कर्ष काढला गेला. प्रत्येक ईमेलला नव्या व्यक्तीचे उत्तर येई आणि ती व्यक्ती घटनेची तीच प्रत पुन्हा मागे. फोनवर पाऊण तास तिष्ठल्यावर, आमचा अर्ज ‘दुसऱ्या विभागाकडे’ असल्याचे कळे. त्या दिवसांत मी घरातल्यांवरही विनाकारण खेकसत होतो. अखेर दोन्ही स्पेलिंगे एकाच मंडळाची असल्याचा ठराव करून, त्यावर सचिव व खजिनदार यांच्या सह्या घेऊन पाठवला, तेव्हा दोन दिवसांत प्रमाणपत्र हाती आले. असा कागद लागेल, हे पहिल्याच दिवशी सांगायला त्यांचे काय जात होते? तेव्हा जागा शोधण्याआधी बँक, घटना आणि अर्ज यांतील नाव अक्षर न् अक्षर जुळवून घ्यावे.

1754मध्ये ही कोठी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरील माजी कप्तान चार्ल्स रेमंड याने घेतली होती. हिंदुस्थानच्या व्यापारात गबर झालेल्या माणसाच्या घरात मराठी अंक मांडताना मला अंमळ अभिमान वाटला, हे कबूल करतो.

फराळाचे राहिलेच. ब्रिटनमधील अ‍ॅलर्जीकारक पदार्थांच्या 14 नावांच्या यादीत तीळ आणि शेंगदाणे दोन्ही आहेत, म्हणून चकली व चिवड्याच्या डब्यांवर तशा चिठ्ठ्या लावाव्यात. जुन्या लाकडी कामाजवळ पणत्या नकोत. आम्ही विजेचे दिवे नेले. पाहुण्यांना मात्र इलफर्डऐवजी गँट्स हिल स्थानकावर उतरायला सांगावे, तेथून चालणे कमी पडते.