एक काडी मुळांवर, एक खुंटावर : गच्चीवरचे अंजीर

अंजिराची काडी मातीत खोचली की फुटते, असं सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. पण काडी फुटणं वेगळं आणि त्या रोपाने पहिला पावसाळा काढणं वेगळं. पुण्यात गच्चीवर गेली काही वर्षं मी अंजिराच्या निरनिराळ्या जाती काड्यांपासून आणि कलमांपासून वाढवते आहे. दुर्मीळ जात घरी टिकवायची तर ती दोन ठिकाणी हवी, एकदा स्वतःच्या मुळांवर आणि एकदा दुसऱ्याच्या खुंटावर (म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या मुळांसकट झाडावर), या मताला मी आता आले आहे. तिथपर्यंत कशी आले ते सांगते.

सुरुवात मुद्दाम ‘पूना’ जातीपासून केली. दिवे घाट चढून गेलं की दिवे, सोनोरी, झेंडेवाडी, जाधववाडी या पट्ट्यात अंजिराच्या बागा लागतात. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मिठा बहर, म्हणजे पावसाळ्यानंतरचा फळांचा हंगाम, धरायला पावसाळा ओसरताना इथे छाटणी होते आणि कापलेल्या काड्यांचे ढीग बांधावर पडतात. एका बागाईतदार काकांनी हव्या तेवढ्या न्या म्हणून सांगितलं, वर एक सल्ला दिला : “शेंड्याची नगं ताई, बुडाकडची घ्या. कवळी काडी सडती.” हात बसवायला इतकं चांगलं साहित्य फुकट मिळत असताना महागाच्या जातीवर शिकण्यात अर्थ नाही.

काडी वर्षभराची, करड्या सालीची, पेन्सिलीइतकी जाड घ्यायची. लांबी २० ते २५ सेंटिमीटर, त्यात तीन-चार डोळे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि आडवा, वरचा डोळ्याच्या थोडा वर आणि तिरका. त्यामुळे काडीची उलटी-सुलटी बाजू नंतरही कळते. कापताच पांढरा चीक येतो. हातमोजे घालाच. या चिकात सोरालेन असतं. ते त्वचेवर राहिलं आणि वर ऊन लागलं तर फोड येतात, काळे डाग बरेच दिवस जात नाहीत. मी चीक धुऊन काड्या सावलीत कोरड्या करते आणि वरच्या टोकाला मेण लावते.

यानंतर बहुतेक जण काडी थेट मातीत लावतात. पूनाच्या बाबतीत तेही चालतं. पण एखाद्या जातीच्या दोनच काड्या हातात असतील तर मला मुळं डोळ्यांनी दिसायला हवी असतात. म्हणून काड्या ओलसर सुती कापडात गुंडाळून झिपच्या पिशवीत घालते आणि कपाटात ठेवते. कापड पिळल्यावर एक थेंबही पडता कामा नये. २५ अंशांच्या आसपास तापमान असेल तर दोन-तीन आठवड्यांत बुडाशी पांढरट फुगीर गाठ धरते आणि सालीवर पांढरे ठिपके उठतात. अधूनमधून पिशवी उघडून हवा खेळवायची. बुरशी दिसली तर काडी धुऊन, पुसून नव्या कापडात घालायची.

गाठ धरली की काडी तळाला भोकं पाडलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या ग्लासात जाते. निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), निम्मं परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे). बाहेरून एक अपारदर्शक ग्लास, कारण मुळांना अंधार लागतो. तो ग्लास काढून बघितलं की मुळं कुठवर आली ते दिसतं. इथे सगळा संयम लागतो. काडीत साठलेल्या पिष्टावर पानं आधी फुटतात, खाली मूळ नसतानाही. पानं बघून हात आपोआप पाण्याच्या झारीकडे जातो आणि काडी बुडातून काळी पडते. मी ग्लास उचलून वजनावरून ठरवते. हलका लागला तरच थोडं पाणी. मुळं ग्लासाच्या भिंतीला वेढा घालेपर्यंत वर पातळ पॉलिथिन राहतं, मग ते रोज थोडं थोडं उघडायचं. एकदम उन्हात नेलं तर कोवळी पानं दुपारपर्यंत माना टाकतात.

हे जमू लागल्यावर मी वेगळ्या जातींकडे वळले. मराठवाड्यातली ‘दिनकर’, जाधववाडीच्या संशोधन केंद्रातून आलेली ‘फुले राजेवाडी’ आणि जिच्यासाठी खरं तर हा सगळा खटाटोप मांडला ती ‘पनाशे’. ही युरोपातली जुनी जात. हिरव्या फळावर पिवळे उभे पट्टे, आत लालभडक गर. नाशिकच्या एका हौशी बागकर्त्यांनी तिच्या काड्या दिल्या. पनाशेची एक गोष्ट मला फार आवडते : पट्टे कोवळ्या फांदीच्या सालीवरही दिसतात, म्हणजे फळ लागायच्या आधीच जात ओळखता येते. मात्र कधीकधी एखादी फांदी पट्टे सोडून साधी हिरवी निघते. तिच्यावरची काडी लावली तर झाडही साधं हिरवंच होतं. म्हणून काडी पट्टेरी फांदीचीच मागायची.

बाकी जातींच्या बाबतीत नाव ही फार कच्ची खूण आहे. एकच अंजीर चार नावांनी विकलं जातं आणि एकाच नावाखाली दोन वेगळी झाडं येतात. फळ हातात येईपर्यंत मी कुंडीवर जातीच्या नावापुढे देणाऱ्याचं गाव लिहून ठेवते. काडी घेताना मूळ झाडाच्या पानांचा फोटो मागते. पानांवर पिवळे, विस्कटलेले डाग असतील तर तो मोझॅक विषाणू असू शकतो. तो काडीतून येतो, कलमातून दुसऱ्या झाडात जातो, सूक्ष्म कोळ्यांमार्फतही पसरतो, आणि त्यावर औषध नाही. शंका असलेली काडी मी कधीच माझ्या खुंटावर बांधत नाही. परदेशातून पाकिटात काड्या मागवण्याचा मोह होतो, पण २००३ च्या वनस्पती क्वारंटाइन आदेशानुसार आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. हा नियम मला योग्यच वाटतो. पुरंदरच्या बागा इथून तासाभरावर आहेत.

आणखी एक बघायचं म्हणजे जातीचा प्रकार. स्मिर्ना प्रकारची अंजिरं परागीभवनाशिवाय धरत नाहीत, हिरवी असतानाच गळतात. त्यांना रानटी नर अंजिराचं झाड आणि त्यात वाढणारी एक इवलीशी गांधीलमाशी लागते. कॅलिफोर्नियात स्मिर्नाची झाडं लावून वर्षानुवर्षं फळ मिळालं नव्हतं. १८९९ मध्ये फ्रेस्नोजवळ ती माशी रुजली, तेव्हा बागा फळल्या. माझ्या गच्चीवर ना ते झाड, ना ती माशी. म्हणून परागीभवनाशिवाय फळणाऱ्या जातीच मी घेते. पूना, दिनकर, पनाशे, ब्राउन टर्की या सगळ्या तशाच.

आता कलम. पनाशेची एक काडी मुळांवर लावली, तेव्हाच दुसरी ओल्या कापडात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात निजवली. फेब्रुवारीत पूनाच्या कुंडीतले डोळे फुगायला लागले की ती बाहेर काढली. अंजिराच्या कलमात चीक फार आडवा येतो. त्यावर उपाय म्हणजे खुंट आदल्या दिवशीच कापून चीक वाहू द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी थोडं खाली ताजा काप घ्यायचा. काडीवर दोनच डोळे ठेवून पाचर कलम करते, म्हणजे काडीचं बूड पाचरीसारखं तासून खुंटाच्या चिरेत बसवते. खुंट आणि काडी सारख्या जाडीची नसेल तर निदान एका बाजूला दोघांच्या सालीखालचा हिरवा थर तंतोतंत जुळला पाहिजे. वरून ताणली जाणारी कलमपट्टी, डोळ्यांवर तिचा एकच पदर. जिवंत डोळा तो पदर फोडून बाहेर येतो आणि त्या दिवशी मी दहा वेळा गच्चीवर जाते. सांध्याखालून आलेली खुंटाची फूट लगेच काढायची, नाहीतर सगळा जोर तिकडे जातो. दोन-तीन महिन्यांनी पट्टी सैल करायची, म्हणजे सांधा आवळला जात नाही.

उंबराच्या खुंटावरही अंजिराचं कलम होतं. उंबराची मुळं सूत्रकृमींना (मातीतल्या, मुळांना लागणाऱ्या अतिसूक्ष्म कृमींना) दाद देत नाहीत, त्यामुळे ज्यांच्या जमिनीत अंजिराच्या मुळांवर गाठी येतात त्यांनी हा मार्ग जरूर बघावा. रोपं शोधायलाही लांब जावं लागत नाही. पाखरांनी टाकलेल्या बियांतून उगवलेलं उंबर जुन्या भिंतीच्या फटीत सापडतंच. माझ्याकडे मात्र पूनावर बांधलेली कलमं जास्त सहज धरतात. कुंडीत ताजी माती भरता येते, म्हणून गच्चीवर मला उंबराची गरज तितकी भासली नाही.

पावसाळ्यात खरी कसोटी. जुलैनंतर पानांच्या मागे तांबूस भुकटी दिसते, तो तांबेरा. पाहता पाहता झाड उघडं पडतं आणि लहान रोपाला ते झेपत नाही. पहिल्या वर्षाची रोपं मी पत्र्याच्या वळचणीला, पाऊस न लागेल पण वारा खेळेल अशी ठेवते. गळालेली पानं कुंडीत राहू देत नाही. पावसाआधी एक टक्का बोर्डो मिश्रण फवारते : १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळे अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात कालवून मग एकत्र. त्यात स्वच्छ लोखंडी पातं बुडवून बघायचं. त्यावर तांब्याचा रंग चढला तर चुना कमी आहे, आणखी घालायचा. मिश्रण त्याच दिवशी वापरायचं, आणि प्लॅस्टिकच्या भांड्यातच करायचं.

खुंटावरच्या पनाशेने आधी फळ दिलं, कारण तिच्याखाली तयार मुळांची ताकद होती. अंजीर तोडल्यावर नीट पिकत नाही. मान मऊ पडून फळ खाली झुकेपर्यंत थांबावं लागतं, आणि बुलबुलांनाही ते ठाऊक असतं, म्हणून मलमलची पिशवी बांधली. गर जॅमसारखा दाट आणि लाल निघाला, चवीला पूनापेक्षा आंबटगोड. मुळांवरच्या रोपाला आलेली पहिली फळं मी बोराएवढी असतानाच खुडली. त्या वर्षी त्याने मुळंच वाढवावीत.

या छाटणीत पनाशेच्या पट्टेरी काड्या निघतील. त्यातल्या दोन आधी नाशिकला परत जातील, कारण मध्यंतरी त्यांच्याकडचं मूळ झाड खोडकिडीने गेलं. बाकीच्या, ज्यांच्याकडे पूनाची वाढलेली कुंडी तयार असेल त्यांना, एक लावायला आणि एक बांधायला अशा जोडीनेच देणार आहे.