तुम्ही विचारलेत म्हणून: पिकअप कुणाचा जास्त?

डिझेल गाडी विकून इलेक्ट्रिक घेतल्याला तीन वर्षे झाली आणि या तीन वर्षांत भेटेल त्याने मला एकच प्रश्न विचारला आहे: "इलेक्ट्रिकचा पिकअप डिझेलपेक्षा खरंच जास्त असतो का हो?" विचारणाऱ्याला एका शब्दाचे उत्तर हवे असते. पहिल्या वर्षी मी ते देत असे, आणि ‘हो’ म्हणताना माझा आवाज जरा चढतही असे. हल्ली मी थांबून बोलतो, तर लोकांना वाटते की गाडी घेऊन मी पस्तावलो आहे. मी पस्तावलेलो नाही. पण त्या ‘हो’मध्ये जे राहून जात होते, ते एकदा नीट सांगायला हवे.

उभी गाडी हलवण्यापुरते पाहिले, तर वाद उरत नाही. विजेची मोटर शून्य फेऱ्यांपासून पूर्ण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते. डिझेल इंजिन त्या वेळी मिनिटाला 800 फेऱ्यांच्या आसपास फिरत असते आणि टर्बोला, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याला, गती देण्याइतका धूर त्याच्याकडे तयार झालेला नसतो. त्याचा खरा जोर साधारण 1,500 ते 2,500 फेऱ्यांच्या पट्ट्यात येतो आणि तिथवर पोहोचेपर्यंत आपण हाफ क्लचवर गाडी ओढत असतो. सिग्नल सुटल्यावर जो फरक जाणवतो, तो बहुतांशी या उशिराचा फरक आहे. विजेवरच्या गाडीचा वेग ही कालपरवाची गोष्ट आहे असे मानणाऱ्यांना एवढेच सांगतो की, ताशी 100 किलोमीटरची मर्यादा ओलांडणारी पहिली मोटारगाडी 1899 साली कामिल येनात्झी यांनी चालवली आणि ती विजेवर चालणारी होती. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन तेव्हा नुकतेच दोन वर्षांपूर्वी चाचणीत उतरले होते.

यापुढे मात्र ‘हो’ डगमगू लागते. माझ्या जुन्या गाडीचा टॉर्क 320 न्यूटन मीटर होता, नवीचा 250 आहे. हे आकडे समोर ठेवून कुणी मला खोटे पाडू लागले की मला राग येई, कारण तुलना इंजिनापाशी करायची नसते, चाकापाशी करायची असते. पण चाकापाशी केल्यावरही निकाल माझ्या बाजूने लागत नाही. डिझेलच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा टॉर्क सुमारे 14 पट होऊन चाकाकडे जातो, तर माझ्या मोटरचा एकाच ठरावीक गुणोत्तराने साडेनऊ पट होतो. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये, टर्बो भरल्यानंतर, डिझेलच्या चाकावर जवळजवळ दुप्पट टॉर्क असतो. तो सगळा टायरला पेलत नाही आणि ताशी 35 च्या आत तो गिअर संपतो, ही गोष्ट वेगळी. दुसऱ्या गिअरमध्ये दोघी साधारण बरोबरीला येतात.

वेग वाढल्यावर टॉर्कपेक्षा शक्ती महत्त्वाची ठरते. दोन्ही गाड्यांची शक्ती 100 किलोवॅटच्या आसपास आहे. माझी मोटर ताशी 50 पर्यंत पूर्ण जोर लावते. त्यानंतर शक्ती तीच राहते आणि वेग वाढेल तसा जोर घटत जातो, ताशी 100 ला तो निम्मा उरतो. त्यात बॅटरीमुळे ही गाडी जुन्या गाडीपेक्षा अडीचशे किलोंनी जड आहे. शहरात पाठीला जो रेटा बसतो, त्याची सवय झाली की माणूस तोच रेटा सगळीकडे गृहीत धरतो. मी धरला होता.

त्या संध्याकाळी बाबा शेजारी बसले होते. लांब चढण चढून आम्ही दुपदरी रस्त्याला लागलो होतो आणि पुढे एक ट्रेलर ताशी 70 ने चालला होता. चार्ज 9 टक्के होता. डॅशबोर्डवरची शक्तीची पट्टी वरच्या टोकाकडून करडी होत निम्म्यापर्यंत आली होती; ती मी पाहिली होती आणि तिचा अर्थही मला ठाऊक होता. चार्ज उतरला की जास्त करंट ओढताना सेलचा व्होल्टेज फार खाली जातो, म्हणून गाडी स्वतःच शक्ती आवरते. हे सगळे ठाऊक असूनही, समोर मोकळा रस्ता दिसताच मी बाहेर निघालो आणि पेडल तळाला लावले. नेहमीचा रेटा आला नाही. गाडी पुढे जात होती, पण ट्रेलरची चाके एकेक करून इतक्या सावकाश मागे सरकत होती की त्यांचे नट मोजता आले असते. समोरून दिवे आले. बाबांचा हात वरच्या दांडीकडे गेला, ते काही बोलले नाहीत. मी ब्रेक मारला, ट्रेलर पुढे निघून जाईपर्यंतचा वेळ कसा गेला ते मला सांगता येणार नाही, आणि कसाबसा त्याच्या मागे शिरलो. समोरची गाडी हॉर्न देत अगदी जवळून गेली.

नंतर मी हिशेब केला. ताशी 90 ची सरासरी धरली, तरी तो ट्रेलर सुरक्षित अंतर ठेवून ओलांडायला 9 सेकंद लागतात. तेवढ्यात मी 225 मीटर जातो आणि समोरून 80 ने येणारा 200 मीटर. मला सव्वाचारशे मीटर रस्ता हवा होता, तोही पूर्ण शक्ती हाताशी असताना.

बाबांनी तीस वर्षे डिझेल गाड्या चालवल्या आहेत. घरी आल्यावर ते एवढेच म्हणाले, "डिझेल असती तर तिसरा टाकून निघून गेलो असतो रे." मी तेव्हा वाद घातला: चूक गाडीची नाही, माझी आहे, पाचव्यातच राहिलो असतो, तर डिझेलनेही 1,600 फेऱ्यांवर असाच दम टाकला असता, असे प्रसंग जुन्या गाडीतही आले होते. हे सगळे खरे आहे आणि आजही मी ते मागे घेत नाही. पण तिसऱ्यात 70 ला माझे जुने इंजिन 2,900 फेऱ्यांवर असायचे, टर्बो भरलेला असायचा आणि टाकीत डिझेल शेवटचे पाच लिटर असले तरी शक्ती तेवढीच मिळायची. बाबा म्हणत होते ते हेच. भरलेल्या बॅटरीवर तीच ओव्हरटेक मी गिअर न बदलता, अर्धा सेकंदही न गमावता केली असती, हेही मला तितकेच खात्रीने वाटते. दोन्ही वाक्ये मी मनात अनेकदा शेजारी शेजारी ठेवून पाहिली आहेत आणि एकाने दुसरे खोडले जात नाही.

आता 20 टक्क्यांच्या खाली मी दुपदरी रस्त्यावर कुणाच्या बाहेर जात नाही. बाबा गाडीत बसले की आधी चार्जचा आकडा वाचतात, मग पट्टा लावतात.