तीन पोरं उठून जायची

कोल्हापुरातल्या आमच्या कॅथलिक शाळेत दर शुक्रवारी चौथ्या तासाला नववीतली तीन पोरं वह्या उचलून बाहेर पडायची. ती कॅथलिक, सिस्टरांकडं धर्मशिक्षणाला जायची. उरलेली पंचावन्न माझ्यापुढं, नीतिशिक्षणाला. ‘नेहमी खरं बोलावं’ एवढं वाचून मी गणिताचा राहिलेला भाग उरकायचो.

अभ्यासक्रम नव्यानं बसवायचं ठरलं तेव्हा फादरांनी मलाही समितीत ओढलं. म्हटलं, “फादर, आमचं घर माळकरी.” ते म्हणाले, “म्हणूनच.”

दोन बैठका कुणाचा तास कापायचा यातच गेल्या. मग फादरांनी व्हॅटिकनच्या शिक्षणविभागाचा १९८८ चा दस्तऐवज काढला. धर्माविषयी शिकवणं वेगळं आणि श्रद्धा रुजवणं वेगळं, हा फरक त्यात स्पष्ट केलाय. त्यावरच गाडं हललं. कन्फर्मेशनची, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याच्या कॅथलिक विधीची, तयारी रविवारी, चर्चमध्ये. शाळेतला तास सगळ्यांचा, एकत्र.

मग पालकांची संमती. मान्यताप्राप्त शाळेत अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवायचं तर राज्यघटनेच्या २८ व्या कलमानुसार ती लागतेच. आमचा तास ‘ओळखी’चा होता, तरी चिठ्ठ्या घेतल्या. पेठेतल्या एका पालकांनी थेट विचारलं, “सर, बाटवाबाटवी न्हाई न्हवं?” मी आराखडाच पुढं केला. बायबलातल्या गोष्टींबरोबर त्यात वारी होती, रोजे होते आणि शाहू महाराजांच्या काळातल्या बोर्डिंगांची, म्हणजे विद्यार्थी वसतिगृहांची, भेटही. ‘दसरा चौक, मुस्लिम बोर्डिंग’ यावर बोट ठेवून ते म्हणाले, “हितं आमचं आजोबा वळखीचं हुतं सगळ्यांच्या.” सही केली.

पहिला धडा बायबलातल्या भल्या शोमरोनीचा, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याचा. त्या तिघांना गोष्ट तोंडपाठ, पण शोमरोनी म्हणजे यहुद्यांनी हलके ठरवलेले लोक, हे त्यांनाही नवीन. मी २०१९ च्या महापुराचा विषय काढला. अपेक्षित उत्तरं आली : होडीत कुणी जात विचारली नाही वगैरे. मी खूश. तेवढ्यात चिखलीची एक मुलगी उठली. “सर, होडीत न्हाई इचारली. पाणी उतरल्यावर इचारली.”

मला पुढं काय बोलावं सुचेना. फादर मागच्या बाकावर बसून वहीत काहीतरी लिहीत होते.

या विषयाला गुण द्यायचे की श्रेणी, हे अजून अडकलेलंच आहे. पण अंतिम आराखड्यात त्या धड्याला एकाचे दोन तास झालेत.